स्मोकीजमधली जुनी लाकडी घरं: फोटो काढून पळू नका, अशी बघा

पहिल्यांदा स्मोकीजला, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला गेलो तेव्हा आम्ही तेच केलं जे जवळपास सगळेच देसी करतात. लाँग वीकेंड, चार फॅमिलीज, पार्कजवळच्या पिजन फोर्ज गावाच्या वरच्या डोंगरात एक 'लॉग केबिन' भाड्याने, हॉट टब, पूल टेबल, आणि फ्रीजमध्ये तीन दिवसांचं पोळी-भाजीचं बाड. त्या केबिनची भिंत मी सहज बोटाने वाजवून पाहिली तर पोकळ आवाज आला. म्हणजे बाहेरून अर्धे कापलेले ओंडके ठोकलेत आणि आत आपलं नेहमीचं ड्रायवॉल. दुसऱ्या दिवशी पार्कमधल्या केड्स कोव्ह दरीत गेलो, अकरा मैलांचा लूप, म्हणजे गोल फिरून येणारा रस्ता, चार तास लागले, त्यातला बराच वेळ कुणाला तरी अस्वल दिसलं म्हणून सगळ्या गाड्या थांबल्या होत्या त्यात गेला, एका जुन्या घराच्या दारात उभं राहून ग्रुप फोटो काढला आणि परत गाडीत. घरी आल्यावर लक्षात काय राहिलं तर झाडीत शिरणाऱ्या अस्वलाचं बूड.

मग दोन वर्षांनी आई-बाबा आले. बाबांचं बालपण संगमेश्वरकडच्या मातीच्या घरात गेलेलं, त्यामुळे ते त्याच घरापाशी उतरले आणि आत जायच्या ऐवजी बाहेर कोपऱ्याशीच उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मी म्हटलं बाबा चला, मागे लोक थांबलेत, तर म्हणाले, "अगं थांब, यात खिळा कुठे मारलाय ते शोधतोय." खिळा नव्हताच. तेव्हापासून आम्ही सहा-सात वेळा गेलोय आणि दरवेळी आधी कोपराच बघतो. शार्लट, अटलांटा, नॅशव्हिलकडच्या बऱ्याच जणांनी विचारलं की एवढं काय आहे त्यात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी जाण्या-येण्याचं

ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीवर आहे. पार्क झालं १९३४ मध्ये, त्याआधी इथे शंभराहून जास्त वर्षं बाहेरून आलेली गोरी माणसं राहत होती, शेती करत होती, आणि त्यांची घरं, धान्याची कोठारं, गोठे, चर्च, शाळा, पिठाच्या गिरण्या असं मिळून ९० च्या वर जुनं बांधकाम पार्कने राखलंय. एंट्री फी नाही. पण मार्च २०२३ पासून पार्किंग टॅग लागतो, १५ मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करणार असाल तर. दिवसाचे ५ डॉलर, आठवड्याचे १५, वर्षाचे ४०. टॅग गाडीवर असतो, माणसांवर नाही, म्हणजे चार गाड्या नेल्या तर चार टॅग, "एकच घेऊ आणि फिरवू" चालत नाही. खरं तर दोनच गाड्या न्या, पार्किंगलाच जागा नसते.

केड्स कोव्ह ही डोंगरांच्या मधली सपाट दरी. लूप रोड एकेरी आहे, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत उघडा. मधे आडवे दोन रस्ते आहेत, स्पार्क्स लेन आणि हायट लेन, कंटाळा आला किंवा लहान मूल रडायला लागलं तर तिथून वळून लवकर बाहेर पडता येतं, हे आम्हाला तिसऱ्या ट्रिपला कळलं. साधारण मे ते सप्टेंबर बुधवारी गाड्या पूर्ण बंद असतात, फक्त सायकल आणि पायी, नेमक्या तारखा पार्कच्या साइटवर बघून निघा. आत पेट्रोल पंप नाही, फोनला रेंज नाही, त्यामुळे मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. टॉयलेट सुरुवातीला कॅम्पग्राउंडपाशी आणि मग थेट निम्म्या वाटेवर केबल मिलला, आई-बाबांना नेत असाल तर हे वाक्य परत वाचा.

वेळ कुठली? सकाळी सूर्य वर यायच्या आत नाहीतर चारनंतर. गर्दी हे एक कारण झालं पण माझं कारण वेगळं आहे, तिरपं ऊन. भर दुपारी ओंडके नुसते करडे सपाट दिसतात, आणि तिरप्या उन्हात त्याच ओंडक्यांवरचे कुऱ्हाडीचे घाव सावली धरून उठून दिसतात. शक्य असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात जा, पानं गळलेली असतात, घर कुठे का बांधलंय ते लांबूनच कळतं, म्हणजे पाण्याजवळ, पण ओढ्याच्या पुरापासून जरा वर.

कोपरा

लूपवरचं पहिलं घर जॉन ऑलिव्हरचं. १८१२ च्या युद्धात लढलेला हा माणूस, बायको लुक्रेशिया आणि तान्हं बाळ घेऊन १८१८ च्या शरद ऋतूत इथे आला. कायद्याने तेव्हा जमीन इथल्या मूळच्या चेरोकी लोकांची होती, ती सरकारला देण्याचा करार व्हायला अजून एक वर्ष होतं. पहिला हिवाळा उपाशी मरायची वेळ आली तेव्हा चेरोकींनी वाळवलेला भोपळा दिला म्हणून वाचले असं सांगतात. आणि १८३८ मध्ये त्याच चेरोकींपैकी हजारोंना सैन्य लावून पश्चिमेला हाकललं. घराच्या पाटीवर कौतुक जॉनचंच जास्त असतं, भोपळा देणारा कोण होता ते कुणाला माहीत नाही. हे डोक्यात ठेवून पुढे बघा एवढंच म्हणणं.

तर कोपऱ्यापाशी उभे राहा. दोन भिंतींचे ओंडके एकमेकांवर एक आड एक बसलेत, प्रत्येकाच्या टोकाला खाच. खाचेचा वरचा भाग तिरका, खालचा सपाट. सुतारकामातल्या ड्रॉवरच्या कोपऱ्याला जो कबुतराच्या शेपटीसारखा जोड असतो त्याचाच हा अर्धा भाऊ. या तिरकेपणामुळे ओंडका बाहेर सरकू शकत नाही, आणि वरच्या ओंडक्यांचं वजन जितकं जास्त तितकी खाच घट्ट आवळते. खिळा नाही, खुंटी नाही, घर स्वतःच्या वजनावर उभं. वर पावसाचं पाणीही खाचेत साचून राहत नाही. बाबांनी खिशातलं गाडीचं किल्लीचं कार्ड काढून त्या फटीत सरकवायचा प्रयत्न केला, शिरलं नाही. (भिंतीला काही करू नका हे पुढे सांगणारच आहे, तेव्हा मीच त्यांना ओरडले.)

खाचा सगळीकडे सारख्या नसतात. स्मोकीजमध्ये ही तिरकी खाच सगळ्यात जास्त दिसते. काही ठिकाणी उलट्या व्हीसारखी असते, आणि कोंबड्यांचं खुराडं किंवा मक्याचं कोठार असं घाईचं काम असेल तर गोल ओंडक्यावर नुसती खोगीरासारखी खळगी मारलेली. पोरांना कामाला लावायचं असेल तर हे बेस्ट, कुठल्या घराला कुठली खाच ते मोजायला सांगा, आमचा चिरंजीव आयपॅडशिवाय तीन तास टिकला तो यावरच.

एक गंमत म्हणजे ही पद्धत इथल्या स्कॉच-आयरिश लोकांनी आपल्या देशातून आणलेली नाही, तिकडे दगड-मातीची घरं. ओंडक्यांची घरं अमेरिकेत आणली स्वीडिश-फिनिश आणि मग जर्मन लोकांनी, डेलावेअर आणि पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला. तिथून डोंगररांगेच्या कडेकडेने खाली सरकत सरकत हे सगळे शेजाऱ्याचं बघून शिकले. चेरोकीही १८०० नंतर अशीच घरं बांधत होते.

भिंतीला गाल लावून बघा

सिरियसली. भिंतीला समांतर नजर लावा. ओंडका गोल नाहीये, दोन्ही बाजूंनी तासून सपाट केलाय. आणि त्या सपाटीवर थोड्या थोड्या अंतरावर आडवे-तिरपे चिरे दिसतील. लोक म्हणतात डिझाइन आहे. डिझाइन कसलं, ते कामाचे व्रण आहेत.

काम असं चालायचं: झाड पाडलं, ओंडका खाली दोन आडव्या लाकडांवर ठेवला, कोळशात नाहीतर रंगीत फळांच्या रसात भिजवलेली दोरी ताणून टणकन सोडली की सरळ रेघ उमटते, आपले सुतार सूत मारतात तसंच. मग साध्या कुऱ्हाडीने त्या रेघेपर्यंत हातभर अंतरावर खोल घाव घालत जायचं, आणि मग रुंद पात्याची कुऱ्हाड घेऊन मधले तुकडे उडवत जायचं. या रुंद कुऱ्हाडीचं पातं एका बाजूने सपाट असतं आणि दांडा मुद्दाम बाहेरच्या बाजूला वाकवलेला, नाहीतर दर घावाला माणसाची बोटं लाकडावर सोलून निघतील. आधीचे घाव जरा जास्त खोल गेले असतील तर ते तसेच राहतात, तेच चिरे. एका भिंतीवर हे चिरे एकसारखे दिसले आणि दुसऱ्या भिंतीवर वेडेवाकडे, तर बाबांचं मत असं की दुसऱ्या बाजूला मेव्हणा कामाला होता.

तासायची मेहनत कशाला? एकतर सालीखालचा कोवळा भाग पहिल्यांदा किडतो, तो निघून जातो. भिंत आतून सपाट मिळते. आणि लोकांत पत राहते. त्या लोकांच्या बोलण्यात केबिन म्हणजे गोल ओंडक्यांची तात्पुरती झोपडी, आल्या आल्या डोकं टेकायला बांधलेली, आणि तासलेल्या ओंडक्यांचं ते घर. जॉन ऑलिव्हरनेही आधी मागच्या बाजूला एक कच्ची झोपडी उभारली आणि हे पक्कं घर नंतरचं. आपण आता सरसकट सगळ्याला केबिन म्हणतो, त्यांना ऐकून राग आला असता.

ओंडके तयार झाले की शेजारीपाजारी बोलावून भिंती एका दिवसात चढवायच्या, तिरप्या लाकडांवरून ढकलत ढकलत वर. त्या दिवशी जेवण घरधन्याचं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली म्हणजे इर्जिकच की. अगदी तेच, पैसा नाही, तू माझ्याकडे ये मी तुझ्याकडे येतो. दार-खिडक्या बऱ्याचदा भिंती चढल्यावर करवतीने कापून काढायचे, म्हणून दाराच्या चौकटीकडे बघा, कापलेल्या ओंडक्यांची टोकं सुटू नयेत म्हणून चौकट त्यांना लाकडी खुंट्यांनी जोडलेली असते. गिरमिटाने भोक, त्यात खुंटी. खुंटीवर अंगठा फिरवला की गोल नसून जराशी अष्टकोनी लागते.

आणि लाकूड कुठलं? बहुतेक ठिकाणी ट्यूलिप पॉप्लर, म्हणजे सरळसोट वाढणारं, तासायला मऊ. ओक, पाइनही. आणि चेस्टनट. चेस्टनटबद्दल जरा थांबते. हे झाड म्हणजे या डोंगरांतला फणस समजा, फळ माणसं खायची, डुकरं खायची, विकून मीठ-कॉफी यायची, लाकूड लवकर कुजत नाही. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक बुरशी सापडली, आशियातून आलेल्या रोपांबरोबर आलेली, आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत अमेरिकेतले अब्जावधी चेस्टनट मेले. स्मोकीजमध्ये जंगलात आता मोठा चेस्टनट दिसत नाही, बुंध्यातून कोंब येतात आणि थोडे वाढले की मरतात. म्हणजे पूर्ण वाढलेला चेस्टनट बघायचा असेल तर घराच्या भिंतीतच बघावा लागतो.

फटी, चूल, छप्पर

दोन ओंडक्यांमध्ये चांगली बोट-दोन बोट फट असते. त्यात लाकडाच्या चिपा नाहीतर दगडाचे तुकडे ठोसून वरून मातीचं लिंपण. मातीत गवत नाहीतर जनावराचे केस, चिकटून राहायला. आमच्या आईने ते लिंपण बघितलं आणि पहिला प्रश्न, "शेण घालत नव्हते का?" मग स्वतःच उत्तर, "इथल्या पावसात आणि थंडीत दरवर्षी परत करायला लागत असणार." तेच. माती सुकून पडते, दर शरदात फटी बुजवणं हे घरकामच होतं, आपल्याकडे पावसाळा संपला की अंगण नवं करायचं तसं. आतून भिंतीला जुनी वर्तमानपत्रं चिकटवायचे, वारा अडवायला, आणि पोरं त्यावरच अक्षरं शिकायची.

आत शिरलात की डोळे अंधाराला सरावू द्या, फोनचा टॉर्च लगेच लावू नका. खिडकी एखादीच, तीही छोटी, काच महाग आणि ऊब जाते. एक खोली, एका टोकाला दगडी चूल, वरती माळा. माळ्यावर पोरं झोपायची. या एका खोलीत आठ-दहा मुलं वाढवलेली कुटुंबं आहेत. पार्कमधल्याच रोअरिंग फोर्कच्या रस्त्यावर एफ्रम बेल्सचं घर आहे, दोन छोट्या खोल्या आणि मधे उघडा बोळ, तिथे नऊ मुलं. आई आत जाऊन उभी राहिली, एकदा चुलीकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि म्हणाली बाळंतीण कुठे निजत असेल गं. हा प्रश्न मला पाच ट्रिपांत पडला नव्हता.

छताकडे बघताना फसू नका. छत जुनं नसतं. ओकच्या ठोकळ्यातून पातं ठोकून पातळ फळ्या फोडायच्या, करवतायच्या नाहीत, कारण फोडलेल्या फळीत लाकडाचे तंतू अखंड राहतात आणि पाणी त्यावरून घसरतं. तरी पंधरा-वीस-तीस वर्षांत त्या बदलाव्याच लागतात, तेव्हाही बदलत होते, आता पार्कवाले बदलतात. सगळ्यात खालचा, जमिनीजवळचा ओंडकाही बऱ्याच ठिकाणी नवा असतो, ओल तिथेच आधी लागते. रंगावरून ओळखता येतो का बघा. घर जमिनीवर टेकलेलं नसतं, कोपऱ्यांखाली दगड रचलेत, वाकून आरपार बघता येतं. वाकताना मात्र आधी पायाखाली बघा, सापांनाही ती जागा आवडते.

ही दोन घरं चुकवू नका, सगळे चुकवतात

केबल मिलपाशी सगळे उतरतात, जॉन केबलची १८७० च्या आसपासची पाणचक्की आहे, पन्हळीतून पाणी येतं, मोठं चाक फिरतं, सीझनमध्ये मका दळून दाखवतात, ठीक आहे, बघा. पण तिथून फोर्ज क्रीक रोडला मैलभर आत गेलं की हेन्री व्हाइटहेडचं घर लागतं आणि तिथे बऱ्याचदा चिटपाखरू नसतं. हा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. आणि घर बघून मागे वळा, पुढे पार्सन ब्रांच रोडला लागलात तर तो एकेरी आहे, सरळ पार्कच्या बाहेर नेऊन सोडतो.

इथे दोन घरं पाठीला पाठ लावून आहेत. एक ओबडधोबड, ओंडके कसेबसे तासलेले, चूल नुसत्या दगडगोट्यांची. माटिल्डा शील्ड्स नावाच्या बाईला नवऱ्याने टाकलं, पदरात मुलगा, तर तिच्या भावांनी १८८१ मध्ये घाईघाईत हे उभं केलं. मग हेन्री व्हाइटहेड, हा तीन मुलींचा विधुर, त्याने तिच्याशी लग्न केलं आणि १८९५-९६ च्या सुमारास शेजारी दुसरं घर बांधलं, गिरणीत चौकोनी कापून आणलेले ओंडके, फट जवळपास नाहीच, विटांची चिमणी. लांबून बघितलं तर ओंडक्यांचं वाटतही नाही. मधे पंधराच वर्षं. भावांच्या घराच्या भिंतीवर हात फिरवा आणि मग नवऱ्याच्या घराच्या, बाकी काही वाचायची गरज नाही. मी आणि आई दोघीही तिथे जरा वेळ गप्पच होतो, बाबा मात्र विटा कुठून आणल्या असतील यावर होते. (तिथल्याच मातीच्या, जागेवर भाजलेल्या.)

एलायजा ऑलिव्हरचं घर, म्हणजे जॉनच्या मुलाचं, रस्त्यापासून अर्धा मैल चालत आहे म्हणून निम्मे लोक गाळतात. त्याच्या पडवीचा एक कोपरा भिंत घालून बंद केलाय, वाटसरूसाठी. कोण कुठला, रात्री आला, तर झोपायला जागा, पण घरात नाही. कोकणातल्या पडवीत गोसावी निजायचा तेच. तिथेच झऱ्यावर बांधलेली छोटी खोली आहे, थंड पाण्यात दूध-लोण्याची मडकी ठेवायला, म्हणजे फ्रीज. आणि मांस खारवून टांगायची वेगळी खोली, अजून कुणाकुणाला आत वास येतो म्हणे, आम्हाला नाही आला.

दिसतंय ते सगळं खरं नाही

हे मला उशिरा कळलं आणि कळल्यावर जरा राग आला. लूप फिरून असं वाटतं की हे लोक १९३० पर्यंत ओंडक्यांच्या घरात जगापासून तुटून राहत होते. तसं काही नव्हतं. पार्क आलं तेव्हा दरीत फळ्यांची, रंग दिलेली, खिडक्यांना काचा असलेली साधी आधुनिक घरं भरपूर होती. १८५० च्या आसपासच इथे साडेसहाशेच्या वर माणसं होती, पुढे पोस्ट आलं, शाळा आल्या, टेलिफोनही आला. पार्कवाल्यांनी 'पायोनियर' काळ दाखवायचा ठरवला, ओंडक्यांची घरं ठेवली आणि नवी घरं बरीचशी पाडली. काही घरं तर मुळात दुसरीकडची, उचलून आणून ठेवलेली. म्हणजे उद्या कुणी आपलं गाव राखायचं ठरवलं आणि सगळी स्लॅबची घरं पाडून दोनच कौलारू ठेवली तर कसं दिसेल, तसं.

आणि लोक आनंदाने गेले नाहीत. दोन्ही राज्यांनी जमिनी विकत घेतल्या, अब्जाधीश रॉकफेलर कुटुंबाने ५० लाख डॉलर दिले, जे विकेनात त्यांच्यावर सक्तीचं भूसंपादन. पहिल्या जॉन ऑलिव्हरचा पणतू, तोही जॉन, टपाल वाटायचा, अनेक वर्षं कोर्टात लढला. हरला. १९३७ च्या ख्रिसमसच्या दिवशी दरीतून निघाला. कोयना नाहीतर पानशेतच्या बाजूचं कुणी तुमच्या ग्रुपमध्ये असेल तर त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. म्हणून चर्चच्या मागच्या दफनभूमीत पाच मिनिटं जाच, ऑलिव्हर, केबल, टिप्टन, शील्ड्स, सगळी घरांच्या पाट्यांवरची नावं तिथे दगडांवर आहेत.

थोड्या जणांना मरेपर्यंत राहायची परवानगी मिळाली. लिटल ग्रीनब्रायरमधल्या वॉकर बहिणी त्यातल्या. पाच अविवाहित बहिणी, १९४१ मध्ये ४,७५० डॉलरला जमीन विकली पण राहायचा हक्क ठेवून. मेंढ्यांची लोकर स्वतः कातायच्या, विणायच्या, १९४६ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात लेख आला आणि टुरिस्टांची रांग लागली, तर त्या त्यांना हातच्या वस्तू आणि घरी केलेले 'पाय' (pie, गोड सारणाचा पदार्थ) विकायच्या. शेवटची लुईसा १९६४ मध्ये गेली. त्यांचं घर बघायला मेटकाफ बॉटम्स या पिकनिकच्या जागेपासून ओंडक्यांच्या १८८२ च्या शाळेपर्यंत जा, आणि तिथून पुढे मैलभराचा सोपा चढ. शाळेत बाकांवर बसता येतं, पोरांना फळ्यासमोर उभं करून पाढे म्हणायला लावायचा मोह होतोच.

काय करायचं नाही

भिंतीवर नाव कोरायचं नाही. हे लिहायला लागतंय याचीच लाज वाटते, पण जॉन ऑलिव्हरच्या घरात आत जाऊन बघा, वरपासून खालपर्यंत नावं, बदाम, तारखा. एका ट्रिपला देवनागरीत एक नाव दिसलं आणि आमच्या ह्यांना घाम फुटला, आपलंच कुणी तरी. सहा महिने तुरुंग आणि ५,००० डॉलर दंड होऊ शकतो, आणि व्हिसावाल्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. ओंडक्यावर खडूही नको, लिंपण उकरणं नको, छतावर चढणं नको. माळ्यावर जाता येतं तिथे जा, पण एकावेळी एक माणूस.

अस्वलापासून ५० यार्ड लांब, हा नियम आहे. गाडीत पराठे उघडे ठेवून घर बघायला जाऊ नका, अस्वलाला आपल्या लोणच्याचं वावडं नाही.

एकच तास असेल तर

चेरोकी गावाच्या बाजूने येत असाल आणि केड्स कोव्ह जमणार नसेल, तर ओकोनालुफ्टी व्हिजिटर सेंटरला थांबा. मागच्या मैदानात वेगवेगळ्या ठिकाणांहून १९५० च्या दशकात आणून लावलेलं एक अख्खं शेत आहे, गोठा, कोठार, लोहाराची जागा, मधमाश्यांच्या ओंडक्यांच्या पेट्या, सगळं सपाटीवर, व्हीलचेअर न्यायलाही त्यातल्या त्यात सोपं. अर्धा मैल पुढे मिंगस मिल, १८८६ ची. इथे बाहेर मोठं चाक दिसत नाही म्हणून लोक नाराज होतात, ते आत खाली लोखंडी टर्बाइन आहे.

त्या शेतातलं राहतं घर जॉन डेव्हिसने १९०० च्या आसपास बांधलं, चेस्टनट मरायच्या थोडं आधी, सगळं चेस्टनटचं. त्याने एक आगाऊपणा केला. ओंडका उभा चिरून दोन भाग केले, एक भाग एका भिंतीत आणि त्याचा जुळा समोरच्या भिंतीत, त्याच जागी. म्हणजे समोरासमोरच्या भिंती एकमेकींचं प्रतिबिंब. आम्ही चौघं दोन गटांत वाटून घेतो, दोघं या भिंतीला, दोघं त्या भिंतीला, आणि ओरडून सांगतो, "खालून चौथा, डावीकडे गाठ, तुमच्याकडे आहे का?" चिरंजीवांनी मागच्या वेळी एक जोडी नक्की सापडल्याचा दावा केला. बाबांना पटली नाही, ते म्हणाले ती गाठ नाही, भोक आहे. पुढच्या मेमध्ये ते परत येतायत, तेव्हा निकाल लागेल.